रात्री फिरली की सकाळी बसली: दाजींच्या गाडीच्या डायनामोचं प्रकरण

गाडी माझी नाही, दाजींची. दहा-अकरा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक, सव्वा लाख किलोमीटरच्या वर पळालेली. घर नाशिकला पंचवटीत हिरावाडीला आणि द्राक्षाचा मळा दिंडोरीच्या पुढं, त्यामुळे रोजचं येणंजाणं दिंडोरी रोडनं. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मोटार, पॅनल, कॉन्टॅक्टर हे रोजचंच, पण गाड्यांचा मेकॅनिक नाही हे आधीच सांगून ठेवतो. एवढं सविस्तर लिहितोय कारण या एका बिघाडापायी सहा महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या, तीन जणांनी डायनामो (म्हणजे अल्टरनेटर, इंजिनवर फिरून वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो तो) तपासून ओके म्हणून सांगितला, आणि त्या तिघांत एक मी पण होतो.

तक्रार काय होती ते नीट सांगतो, कारण उत्तर तिच्यातच होतं आणि आम्ही कोणी नीट ऐकलं नाही. ऑगस्टमध्ये पहिल्यांदा सकाळी सेल्फ मारला तर नुसतं टक टक टक, बॅटरी चार वर्षांची होती म्हणून दाजींनी दुसरा विचार न करता नवीन टाकली. मग सप्टेंबर, ऑक्टोबर मस्त गेले. डिसेंबरात थंडी पडली आणि परत तेच, नवी बॅटरी सकाळी मेलेली. दुकानवाल्यानं चार्ज करून बघितली, म्हणाला होल्ड करत नाहीये, वॉरंटीत बदलून दिली आणि डायनामो पण बघून दिला, मीटर लावला, १४.१ व्होल्ट आले, "चार्जिंग एकदम ओके आहे साहेब". जानेवारीत तिसऱ्यांदा. तेव्हा ताईचा फोन आला, "अरे तुझं ते मीटर घेऊन ये बाबा, हे आता गाडीच विकायला निघालेत."

आता यातली गंमत अशी की गाडी रोज बसत नव्हती. कधी आठ दिवस काही नाही, कधी दोन दिवसांत दोनदा. दाजींचं म्हणणं, "थंडीनं होतंय, निफाडचा पारा खाली गेला की आपल्याकडं पण गाडी बसते." थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि डिझेल इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो हे खरंय, पण चांगली बॅटरी नाशिकच्या थंडीला घाबरत नाही, इथं काय बर्फ पडत नाही. आणि ऑगस्टचं काय? त्यावर दाजी म्हणाले, "तेव्हा जुनी होती ना रे." तेही पटण्यासारखं.

पहिल्या रविवारी गेलो. बॅटरी रात्रभर बसलेली, १२.१ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी बंद गाडीत १२.६ ते १२.७ दाखवते, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या आसपास आली की संपली, म्हणजे ही निम्म्याच्याही खाली. अशा अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर चार्जिंग तपासायचं नसतं, मोजलेलं सगळं फसवं येतं, म्हणून बॅटरी घरी आणून माझ्या चार्जरवर रात्रभर ठेवली आणि सोमवारी सुट्टी टाकली (ताईच्या हातची मिसळ, म्हणून फार दुःख झालं नाही). सकाळी १२.६५. सेल्फ मारताना खाली १०.२ पर्यंत गेली आणि लगेच सावरली. ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता, म्हणजे बॅटरी निर्दोष.

मग रात्री कोण खातंय का ते बघितलं. मायनसचा टर्मिनल काढून मीटर मधे सिरीजला, दहा अँपिअरच्या भोकात, चावी गाडीपासून लांब, दारं बंद. सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसले की घाबरायचं नाही, गाडीतले कंट्रोलर झोपायला वेळ घेतात. अर्ध्या तासानं ३० मिलिअँपिअरवर स्थिर. ५० च्या आत असलं की चालतं. म्हणजे चोरी नाही. दाजींना मागून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमचा संशय होता, ती सुटली.

गाडी चालू केली, आयडलला १४.१, दुकानवाल्यानं सांगितलेलं तेच. हेडलाईट आणि ब्लोअर लावला की १३.४. इथं मला वाटलं सापडलं. मीटरची एक दांडी डायनामोच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसला, लोड चालू ठेवून, तर ०.४ व्होल्ट. म्हणजे अर्थिंगमध्येच जवळपास अर्धा व्होल्ट गळतोय. प्लसच्या बाजूनं डायनामोच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीपर्यंत ०.१५, ते ठीक. इंजिनपासून चॅसीला येणारी अर्थची पट्टी काढली तर हिरवी झालेली, पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट घासला, परत आवळली, ०.०६ झालं. बॅटरीवर १३.७ आले. मी आपला हिरो झालो. दाजींना म्हणलं, "झालं तुमचं काम, विकू नका." ताईनं परत मिसळ वाढली.

दहा दिवसांनी रात्री साडेनऊला दाजींचा फोन. मळ्यातून परत येत होते, म्हसरूळच्या अलीकडं हेडलाईट पिवळे पडायला लागले, ब्लोअर मंद झाला, डॅशबोर्डवर एकदम चार-पाच लाईटा पेटल्या आणि गाडी बंद. मी बाईकवर जाऊन जंप दिला, सगळं बंद ठेवून, फक्त हेडलाईटवर घरापर्यंत आणली. वाटेत दाजी एक वाक्य बोलले ज्यानं माझं डोकं ठिकाणावर आलं. म्हणाले, "तो बॅटरीचा लाल लाईट रात्री जरा जरा पेटल्यासारखा वाटतो, दिवसा नाही दिसत." मी म्हणलं दाजी, हे आधी का नाही सांगितलं, तर म्हणे, "तू विचारलंच कुठं, आणि पूर्ण पेटत पण नाही तो, मंद, म्हटलं डॅशबोर्डची लाईट पडत असेल त्याच्यावर."

मंद पेटणारा बॅटरी लाईट म्हणजे डायनामो पूर्ण मेलेला नाही, अर्धवट जिवंत आहे. पूर्ण मेला की लाईट ठसठशीत पेटतो आणि कोणालाही कळतं. अर्धवटाचाच त्रास असतो.

त्या रात्री वहीत दाजींना विचारून विचारून लिहिलं की गाडी नेमकी कधी कधी बसली. प्रत्येक वेळेस आदल्या रात्री उशिरा लांबून येणं होतं. ऑगस्टमध्ये त्र्यंबकहून पावसात आलेले, वायपर, हेडलाईट, काचेवर धुकं म्हणून एसी. डिसेंबरात रोज रात्री मळ्यातून, हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी सहाच्या आत घरी, तेव्हा काही नाही. थंडीचा संबंध होता पण दाजी म्हणत होते तसा नाही, थंडीत काचेवर दव येतं आणि डिफॉगर लागतो, तसा. आणि मी काय केलं होतं, दुकानवाल्यानं काय केलं होतं, मधे एका गॅरेजवाल्यानं काय केलं होतं? सगळ्यांनी सकाळी, गार इंजिनवर, पाच मिनिटं मीटर लावला होता. रात्रीचा आजार सकाळी तपासत होतो.

(त्या मधल्या गॅरेजवाल्याचं सांगायलाच पाहिजे. त्यानं गाडी चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढला, गाडी बंद नाही पडली म्हणून डायनामो पास. ही जुनी युक्ती आहे, पूर्वीच्या गाड्यांमध्ये खपून जायची, इलेक्ट्रॉनिक्स काही नव्हतंच. आताच्या गाडीत चालू डायनामोवरून बॅटरी एकदम सुटली की व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं, त्यात डायनामोतले डायोड उडतात, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) पण जाऊ शकतो, आणि ईसीएमचा भाव ऐकला की माणूस बसतो. कोणी करायला लागला तर हात धरा.)

दुसऱ्या शनिवारी तयारीनं गेलो, आणि संध्याकाळी गेलो. कारखान्यातून डीसी क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजतो तो) मागून आणला. इथं एक सांगतो, स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी करंट (घरच्या विजेसारखा, सतत दिशा बदलणारा) मोजतात, गाडीत असतो डीसी, एकाच दिशेचा, म्हणून गाडीच्या वायरला लावला की शून्य दाखवतात आणि माणूस समजतो करंटच नाही, तेव्हा डीसी मोजणारा आहे का ते आधी बघायचं. बॅटरी परत फुल चार्ज करून घेतली. मग दाजी स्टेअरिंगला, मी शेजारी, दिंडोरी रोडनं ४०-४५ मिनिटं गाडी पळवली, हेडलाईट, ब्लोअर फुल, एसी, डिफॉगर, सगळं चालू. दाजी कुडकुडत म्हणाले, "एसी कशाला रे जानेवारीत?" म्हणलं आजच्या दिवस सहन करा.

घरी येऊन इंजिन बंद न करता बॉनेट उघडलं, दाजींना म्हणलं ॲक्सिलरेटर दाबून २००० आरपीएमवर धरून ठेवा. बॅटरीवर १२.३ व्होल्ट. चालू गाडीत! चार्जिंग होत असेल तर १३.५ च्या वर तरी दिसायला पाहिजे. आता यात एक बारकं आहे, डायनामो तापला की आतला रेग्युलेटर स्वतःहूनच व्होल्टेज थोडं कमी करतो, गार असताना १४.२ आणि तापल्यावर १३.६ दिसलं तर तो बिघाड नव्हे. पण १२.३ म्हणजे बॅटरीच गाडी चालवतेय.

क्लॅम्प डायनामोच्या जाड वायरवर लावला, ३० अँपिअर. बॅटरीच्या वायरवर लावला, २२ अँपिअर आणि ते पण उलट्या दिशेनं, बॅटरीतून बाहेर. म्हणजे गाडीला लागतायत ५२, डायनामो देतोय ३०, उरलेले २२ बॅटरीतून जातायत. डायनामोवर स्टिकर ९० अँपिअरचं. आता हिशोब करा, बॅटरी ६० एएचची (अँपिअर-तास), रात्रीचा सव्वा तासाचा फेरा, २२ गुणिले सव्वा म्हणजे साधारण २७ एएच गेले, जवळपास निम्मी बॅटरी रिकामी, वर सकाळची थंडी, सेल्फ कसा उचलेल? आणि दिवसा हेडलाईट नाही, डिफॉगर नाही, गाडीला वीस-पंचवीस अँपिअरच लागतात, तेवढे हा आजारी डायनामो आरामात देतो, उलट थोडे बॅटरीत भरतो पण. म्हणून कधी व्हायचं कधी नाही. सहा महिन्यांचं कोडं त्या दोन आकड्यांत सुटलं, मी आणि दाजी दोघं बॉनेटवर वाकून बघतच बसलो.

पण डायनामो कमी का देतोय हे अजून बाकी होतं. बेल्ट बघितला, चिरा नाहीत, चकाकी नाही, टेन्शन बरोबर. पुलीत फ्रीव्हील असतं, ती एका बाजूला मोकळी फिरते आणि दुसऱ्या बाजूला धरते का ते नंतर उतरवल्यावर बघितलं, ठीक होती. मग मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीच्या टर्मिनलला लावला. डायनामोच्या आत तीन फेजची एसी तयार होते आणि सहा डायोड तिची डीसी करतात, सगळे डायोड नीट असले तर बॅटरीवर एसीचा अंश अगदी थोडा उरतो, ०.१ च्या आसपास. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की डायोडवर संशय. आधी माझ्या पिवळ्या स्वस्त मीटरनं २५ दाखवले आणि मी उडालोच, पण तो मीटरचा दोष, असले मीटर एसीच्या रेंजवर डीसीलाच दुप्पट करून दाखवतात, दांड्या उलट्या केल्या की शून्य. चांगल्या मीटरवर घेतलं तर १.२ व्होल्ट. गार गाडीवर हाच आकडा ०.०९ होता, त्या पहिल्या सोमवारचा वहीत लिहून ठेवलेला. म्हणजे तापल्यावर एखादा डायोड सोडतोय.

डायनामो खोलायचं काम माझं नव्हे. द्वारकेकडं एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे चाचा म्हणतात, चाळीस वर्षं आर्मेचर आणि सेल्फच करतायत. सोमवारी डायनामो उतरवून पिशवीत घालून नेला. चाचांनी हातात घेतला, नुसता वास घेतला आणि म्हणाले, "इसमें तो ऑइल गया है." मागचं झाकण काढलं तर आत काळा लगदा. कार्बनची धूळ आणि इंजिन ऑइल मिळून चिखल झालेला, कार्बन ब्रश झिजून चार-पाच मिलिमीटर उरलेले आणि चिकटून बसलेले, ते ब्रश ज्यावर घासतात त्या स्लिप रिंगवर चरे.

मी म्हणलं चाचा, डायोड बघा. त्यांनी डायोड प्लेट काढली, मीटरवर सहाही डायोड एका बाजूनं ०.५ च्या आसपास, उलट बाजूनं ओपन, म्हणजे सगळे पास. मला वाटलं परत चुकलो. चाचा हसले, गरम हवेची गन घेतली, प्लेटवर मिनिटभर मारली, परत मीटर, आणि चौथा डायोड दोन्ही बाजूंनी ओपन. "गरम में छोड़ता है." डायोडच्या पायाच्या डागाला केसासारखी चीर होती, गार असताना टेकलेली, तापली की उघडी. माझ्या कारखान्यातल्या वीस वर्षांत हे मी पॅनलच्या कार्डावर दहादा बघितलंय आणि गाडीवर सुचलं नाही, काय करणार.

रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, स्लिप रिंग ते स्लिप रिंग २.९ ओहम, बॉडीला कुठं लागत नाही, वाइंडिंगचा रंग पण चांगला. म्हणजे नवीन डायनामोची गरज नव्हती. डायोड प्लेट, कट-आउटसकट कार्बनचा सेट, दोन्ही बेरिंग, स्लिप रिंग लेथवर जराशी घेतली. (चाचा रेग्युलेटरला अजून कट-आउटच म्हणतात. खऱ्या डायनामोच्या काळात बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ नये म्हणून कट-आउट नावाचा रिले असायचा, आता ते काम डायोडच करतात, पण नाव राहिलं, तसा अल्टरनेटरही गॅरेजात डायनामोच राहिला.) सगळं मिळून साडेतीन हजार. नव्याचा भाव विचारला होता, बाराच्या पुढं होता.

चाचांनी पैसे घेताना विचारलं, "ऑइल कहाँ से आ रहा है वो देखा?" नव्हतं बघितलं. घरी येऊन टॉर्च मारला तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग मागच्या कोपऱ्यातून पाझरत होतं आणि थेंब बरोबर डायनामोच्या डोक्यावर. फार नाही, आठवड्याला चमचाभर असेल, जमिनीवर डाग पण पडत नव्हता कारण सगळं डायनामोच पीत होता. हे तसंच ठेवून नुसता नवा डायनामो बसवला असता तर वर्ष-दीड वर्षात तोही असाच गेला असता आणि दाजींनी तेव्हा नक्की गाडी विकली असती. पॅकिंग बदललं, इंजिन पुसून काढलं, दोन दिवस खाली पांढरा कागद ठेवून बघितला, कोरडा.

मग परत तोच फेरा, त्याच रस्त्यानं, संध्याकाळी, सगळं चालू, पाऊण तास. दाजी स्वतः एसी लावून बसले, न सांगता. घरी येऊन मोजलं. २००० आरपीएमला १४.० व्होल्ट, आयडलला १३.७, एसीचा अंश ०.०६, आणि बॅटरीच्या वायरवर क्लॅम्प लावला तर ४ अँपिअर, आत जाणारे. डॅशबोर्डवर हात धरून अंधार करून लाल लाईट बघितला, काहीच नाही.

वॉरंटीत परत गेलेल्या त्या बॅटरीचं मात्र मला वाईट वाटतं, बहुतेक तिचा काही दोष नव्हता. अर्थात महिनाभर रोज निम्मी रिकामी होऊन ती सल्फेट झाली (प्लेटांवर थर बसून खराब झाली) असेल तर दुकानवाल्याचं "होल्ड करत नाही" पण खरंच असेल, त्याला खोटं ठरवता येत नाही.

दाजींनी आता सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचा छोटा व्होल्टमीटर घेतलाय, दीड-दोनशे रुपयांचा. हे मीच सुचवलं होतं आणि आता पस्तावतोय. परवा रात्री अकराला फोन, मला वाटलं परत म्हसरूळला अडकले, शर्ट घालायला पण लागलो. तर म्हणे, "अरे, १३.६ दाखवतंय, मघाशी १३.८ होतं, काही टेन्शन नाही ना?"